अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये सायन्सची ग्रेड कशी ठरते: नवीन आलेल्या घरांसाठी

मूल आठवी-नववी भारतात करून मध्येच अमेरिकेतल्या हायस्कूलला येतं तेव्हा सायन्समध्ये पहिले दोन-तीन महिने हमखास गोंधळ होतो, आणि तो गोंधळ अभ्यासाचा नसतोच. विषय येत असतो, गणितं सुटत असतात, टेस्टला नव्वदच्या वर पडतात आणि तरी रिपोर्ट कार्डवर बी येते, मग घरात सगळे एकमेकांकडे बघत बसतात की हे झालं कसं. आमच्या घरी दोन मुलं यातून गेलीत, नंतर ओळखीच्या बऱ्याच घरांना फोनवर तेच तेच सांगितलंय, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. भारतात वर्षभर काहीही झालं तरी शेवटचा पेपर चांगला गेला की काम भागतं. इथे ग्रेड रोज बनते. ऑगस्ट-सप्टेंबरमधला पाच पॉइंटचा होमवर्कही त्यात असतो आणि डिसेंबरची फायनलही असते. खालचं सगळं या एका गोष्टीतून येतं. आणि हो, प्रत्येक राज्य, डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा), शाळा, अगदी शेजारशेजारच्या वर्गातले दोन टीचरसुद्धा वेगळे नियम ठेवू शकतात, त्यामुळे इथे वाचलेलं आणि तुमच्या टीचरच्या कागदावरचं जुळलं नाही तर टीचरचा कागद खरा.

१. ॲडमिशनला जाताना कागद नीट न्या

नुसती मार्कशीट पुरत नाही. इथे सायन्स साधारण एकेक वर्षाचा एकेक विषय असतो, बहुतेक शाळांत बायोलॉजी, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, काही ठिकाणी फिजिक्स आधी. आपल्या स्टेट बोर्डात दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि भाग २, त्यात तिन्ही विषय मिसळलेले. शाळेतल्या काउन्सेलरला (मुलांचे कोर्स ठरवायला मदत करणाऱ्याला) त्यावरून काहीच बोध होत नाही आणि मग मुलाला सरळ सगळ्यात खालच्या कोर्सला टाकलं जातं, किंवा उलट, केमिस्ट्रीचा पाया नसताना ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, केमिस्ट्रीला.

सोबत हे ठेवा:

- मागच्या दोन-तीन वर्षांच्या मार्कशीट, मूळ आणि झेरॉक्स, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासकट
- शाळा सोडल्याचा दाखला
- पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो, इंग्रजीतून (याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, काउन्सेलर ते सायन्सच्या टीचरला दाखवू शकतो)
- प्रयोगवही असेल तर ती
- भारतातल्या शाळेची मार्कांची पद्धत सांगणारं पत्र, मिळालं तर

शेवटच्या पत्राबद्दल थोडं. आपल्याकडे ३५ ला पास आणि ७५ ला डिस्टिंक्शन. इथे साधारणपणे ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी, ६० च्या वर डी आणि खाली एफ. म्हणजे तिकडचे ७८ इथल्या माणसाला सरळ सी प्लस दिसतात. पद्धत समजावून सांगितली नाही तर मुलावर अन्याय होतो, म्हणून ते पत्र मागून घ्याच, शाळेच्या लेटरहेडवर.

ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता हेही विचारतात. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. घाबरून तिथे इंग्रजी लिहू नका, खरं तेच लिहा. गरज निघाली तर मदत मिळते, टेस्टला जादा वेळ मिळू शकतो. इंग्रजी पक्कं असेल तर चाचणीत तसंच दिसेल.

२. पहिल्या आठवड्यात मिळणारा सिलॅबस शब्दन्‌शब्द वाचा

आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे टीचर देतात त्या सिलॅबसमध्ये धडे कमी आणि नियम जास्त असतात, आणि शेवटी मुलाची आणि आईवडिलांची सही मागतात. ती सही म्हणजे ‘आम्हाला हे मान्य आहे’. नंतर काही वाद झाला तर टीचर तोच कागद पुढे करतात. त्यामुळे सही करायच्या आधी मुलाला शेजारी बसवा आणि पेन घेऊन या गोष्टी शोधा:

- कुठल्या भागाला किती टक्के वजन आहे (टेस्ट, क्विझ, लॅब, होमवर्क, वर्गातला सहभाग)
- उशिरा दिलेल्या कामाचं काय होतं: रोज दहा टक्के कमी, की एकदम निम्मे, की घेतच नाहीत
- टेस्ट परत देता येते का, आणि दिली तर जास्तीत जास्त किती मिळतात
- आजारी पडल्यावर चुकलेलं काम किती दिवसांत भरून द्यायचं
- सेमिस्टरच्या फायनलचं वजन किती
- ८९.५ चे ९० होतात की नाही
- मदतीसाठी टीचर कधी भेटतात, लंचमध्ये, शाळेआधी की शाळेनंतर

या ओळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, फ्रिजवर लावा, काहीही करा पण हाताशी ठेवा. ऑनर्स आणि रेग्युलर वर्गाचे नियम वेगळे असतात, मैत्रिणीच्या मुलाला रीटेक मिळाली म्हणून तुमच्याला मिळेलच असं नाही.

३. ग्रेडचं गणित एकदा स्वतः मांडून बघा

हे मी सगळ्यांना करायला लावते कारण एकदा हाताने केलं की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

समजा सिलॅबसमध्ये टेस्ट ५० टक्के, लॅब २५, क्विझ १५, होमवर्क १०. मुलाला टेस्टमध्ये सरासरी ९२, क्विझमध्ये ८८, होमवर्कमध्ये ९५. चार लॅब झाल्या, प्रत्येकी २० पॉइंट, त्यातल्या पहिल्या तिन्हींत १८, १९, १७ आणि चौथीचा रिपोर्ट दिलाच नाही, शून्य. लॅबमध्ये झाले ८० पैकी ५४, म्हणजे ६७.५ टक्के.

आता वजनाने: टेस्टचे ४६, क्विझचे १३.२, लॅबचे १६.९, होमवर्कचे ९.५. बेरीज ८५.६. बी.

तोच चौथा रिपोर्ट उशिरा देऊन निम्मे, म्हणजे १० पॉइंट मिळाले असते तर लॅब ८० टक्के आणि एकूण ८८.७. आणि वेळेवर देऊन १८ मिळाले असते तर लॅब ९० टक्के, एकूण ९१.२. ए.

बघा, टेस्टमध्ये काहीच बदललं नाही. एका वीस पॉइंटच्या रिपोर्टने ए ची बी केली. आपली मुलं नेमकी इथेच मार खातात, कारण आपल्या डोक्यात प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण केलं की मिळणारे हातचे मार्क असं बसलेलं असतं. म्हणून एकच नियम घरात ठेवा, अर्धवट का असेना पण काम द्यायचं. २० पैकी १२ चाललं, शून्य चालत नाही.

काही टीचर टक्केवारीचं वजन न ठेवता सगळे पॉइंट एकत्र मोजतात, तिथे १०० पॉइंटची टेस्ट आणि २० पॉइंटची लॅब सरळ बेरजेत जातात. काही शाळांत १ ते ४ अशी स्टँडर्ड्सवर आधारित ग्रेड असते, तिथे ३ म्हणजे अपेक्षेइतकं येतंय, ते ७५ टक्के समजू नका. आणि काही ठिकाणी न दिलेल्या कामालाही शून्याऐवजी ५० धरतात.

सेमिस्टरची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या सगळ्या ग्रेडचा अधिकृत कागद) जाते आणि त्यातून जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, निघतो. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १, एफ ०. बऱ्याच शाळा वजन दिलेला जीपीए वेगळा काढतात, त्यात एपीला (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) बहुतेक एक पॉइंट वरचा मिळतो, ऑनर्सला त्याहून कमी. कॅलिफोर्नियात असाल तर हे लक्षात असू द्या की यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) प्रवेशासाठी लॅब सायन्सची किमान दोन वर्षं लागतात (तीन केली तर चांगलं) आणि त्यात सी किंवा वरचीच ग्रेड धरतात. डी मिळाली तर शाळेत पास, पण यूसीसाठी तो कोर्स धरत नाहीत.

४. पोर्टल बघा, पण दर तासाला नको

कॅनव्हास, गूगल क्लासरूम, स्कूलॉजी, पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, यातलं काहीतरी तुमच्या शाळेत असेल, बहुतेक वेळा दोन. एकावर काम दिलं-घेतलं जातं आणि दुसऱ्यावर अधिकृत ग्रेड दिसते. आईवडिलांचं लॉगिन वेगळं असतं, ते ऑफिसमधून मागून घ्या.

नवीन लोक इथे कुठे फसतात ते सांगते. तारीख. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे १०/३ म्हणजे तीन ऑक्टोबर. हे हसण्यासारखं वाटतं पण नवीन आलेलं मूल ‘दहा मार्चला द्यायचंय, खूप वेळ आहे’ म्हणून निवांत बसतं. दुसरं, ‘रात्री ११:५९ पर्यंत’ लिहिलं असेल तर १२:०४ ला दिलेलं काम पोर्टल आपोआप उशिरा म्हणून दाखवतं. तिसरं, फाइल चढवली पण सबमिट बटण दाबलं नाही, हे तर फारच होतं. काम दिल्यावर पानावर सबमिट झाल्याची खूण दिसते का ते बघायची मुलाला सवय लावा.

सेमिस्टरच्या सुरुवातीला दिसणारी ग्रेड मनावर घेऊ नका. फक्त एक दहा पॉइंटची क्विझ झालेली असते, त्यात ६ पडले की पोर्टल सरळ ६० टक्के आणि डी दाखवतं. पोटात गोळा येतो, पण अजून बाकीच्या खान्यांत काही भरलेलंच नसतं. चार-पाच आठवड्यांनी आकडा स्थिर होतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुलाबरोबर बसून बघा, आणि आकड्यापेक्षा ‘मिसिंग’ लिहिलेल्या ओळी आधी शोधा.

५. लॅबमध्ये शिरायच्या आधी

बहुतेक शाळांत सेफ्टीचा करारनामा असतो, मुलाची आणि पालकाची सही, आणि त्यावर एक छोटी टेस्ट. ती पास झाल्याशिवाय लॅबमध्ये घेत नाहीत, काही टीचर त्यात पैकीच्या पैकी मागतात. सेफ्टी गॉगल्स डोळ्यांवर, कपाळावर नाही. केस लांब असतील तर बांधलेले, बूट पुढून बंद, सैल बाह्या किंवा ओढणी नाही, खाणंपिणं नाही, च्युइंगमसुद्धा नाही. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. नियम मोडला तर टीचर लॅबमधून बाहेर बसवतात आणि त्या दिवसाचं शून्य लागू शकतं. टीचर उगाच कडक वागतात असं मुलाला वाटेल, पण वर्गात तीस मुलं आणि दहा बर्नर पेटलेले असतात, त्यांची जबाबदारी एका माणसावर असते.

काच फुटली, काही सांडलं, बोट भाजलं तर लगेच सांगायचं. आपल्या मुलांना भरपाई मागतील, ओरडा बसेल अशी भीती असते आणि ती फुटलेली काच हाताने उचलायला जातात. मुलाला आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही, टीचरला हाक मारायची.

न्यूयॉर्क राज्यात असाल तर एक जादा गोष्ट. तिथे रीजंट्सची, म्हणजे राज्याची, सायन्सची परीक्षा द्यायला १,२०० मिनिटं प्रत्यक्ष लॅब आणि त्याचे समाधानकारक लेखी रिपोर्ट लागतात. ते नसतील तर परीक्षेला बसताच येत नाही, मग अभ्यास कितीही झालेला असो. पास व्हायला ६५ लागतात.

६. लॅब रिपोर्ट: सगळ्यात जास्त पॉइंट इथे जातात

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा साचा आपल्या मुलांना माहीत असतो, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्याला येतं. पण आपल्याकडे निष्कर्ष एका ओळीचा आणि तो गाइडमध्ये छापलेला. इथे निम्म्याहून जास्त पॉइंट निष्कर्षाला असू शकतात, तो पुस्तकात नसतो आणि तुमच्या वर्गातल्या प्रत्येक टेबलाचा वेगळा असतो.

बरेच टीचर तीन भागांत मागतात: तुमचा दावा काय, त्याला तुमच्याच डेटामधला पुरावा काय, आणि तो पुरावा दाव्याला कसा आधार देतो त्याचं शास्त्रीय कारण. २०१३ साली आलेल्या नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्समध्ये (मुलांना सायन्समध्ये काय यायला हवं ते ठरवणारी यादी) पाठांतरापेक्षा पुराव्यावरून मांडणी करण्यावर भर आहे, बऱ्याच राज्यांनी ते किंवा त्यावर बेतलेले स्टँडर्ड्स घेतलेत, म्हणून हा साचा सगळीकडे दिसतो.

उदाहरण घेऊन सांगते. ॲल्युमिनियमच्या तुकड्याची घनता काढायची लॅब. तराजूवर वस्तुमान १२.४० ग्रॅम. मोजनळीत पाणी, त्यात तुकडा सोडला, पाणी ५.१ मिलीलिटरने वर गेलं. भागाकार केला की कॅल्क्युलेटर २.४३१३७२५ दाखवतो. मूल ते सगळं उतरवतं आणि इथेच पहिला पॉइंट जातो. ५.१ मध्ये दोनच सार्थ अंक (मोजमापातले धरण्यासारखे अंक, सिग्निफिकंट फिगर्स) आहेत म्हणून उत्तरातही दोनच, २.४ ग्रॅम प्रति मिलीलिटर. एकक विसरलं तर दुसरा पॉइंट.

आता मान्य किंमत २.७०. आपलं उत्तर कमी आलं, फरक साधारण ११ टक्के. आणि इथे आपल्या मुलांचा हात आपसूक खोडरबरकडे जातो. रीडिंग जुळवायचं. ५.१ चं ४.६ केलं की सगळं गोड. तिकडे जर्नलमध्ये हे सर्रास चालतं, कोणी विचारत नाही. इथे याला डेटा बनवणं म्हणतात आणि ते कॉपीच्या बरोबरीचं धरतात, शिवाय पार्टनरकडे तोच डेटा असतो त्यामुळे लगेच दिसतं. मुलाला हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्याला ते चूक वाटतच नसतं.

आणि गंमत म्हणजे चुकलेल्या रीडिंगवरच चांगले पॉइंट मिळतात, फक्त ते का चुकलं ते सांगता आलं पाहिजे. ‘मानवी चूक झाली असावी’ असं लिहिलं की टीचर लाल पेनने गोल करतात, शून्य. काय चुकलं आणि त्याने उत्तर कुठल्या बाजूला सरकलं, दोन्ही हवं. उदाहरणार्थ: तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले होते, त्यामुळे आकारमान खऱ्यापेक्षा जास्त मोजलं गेलं, भागाकारात खालची संख्या वाढली म्हणून घनता कमी आली. हे पटतं. तेच ‘तुकडा ओला होता म्हणून वस्तुमान जास्त आलं’ असं लिहिलं तर? मग घनता जास्त यायला हवी होती, कमी नाही, म्हणजे कारण जुळत नाही. टीचर नेमकं हेच बघतात. शेवटी पुढच्या वेळी काय बदलाल ते एक ओळ: तुकडा हळूच तिरका सोडून बुडबुडे झटकून मग रीडिंग.

बाकी पटापट: लॅबच्या वहीत पेनने लिहायचं, चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. आलेखाला नाव, दोन्ही अक्षांना नाव आणि एकक. डेटा पार्टनरबरोबर एकच असतो पण निष्कर्ष ज्याचा त्याने लिहायचा, तो सारखा निघाला तर दोघांनाही शून्य. रुब्रिक म्हणजे पॉइंट कशाला किती याचा तक्ता, तो आधीच दिलेला असतो. रिपोर्ट द्यायच्या आधी तो समोर ठेवून एकेक ओळ टिक करायची. निम्मे गेलेले पॉइंट एवढ्यानेच वाचतात.

एक चांगली बातमी पण आहे, सायन्सच्या वर्गात सगळं मेट्रिकमध्येच चालतं. बाहेर फॅरेनहाइट आणि पाउंड असले तरी लॅबमध्ये ग्रॅम, मिलीलिटर, सेल्सिअस. इथल्या मुलांना ते अवघड जातं, आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

७. वर्गात काय अपेक्षा असते

नुसतं शांत बसणं हे इथे गुण म्हणून धरत नाहीत. सहभागाचे पॉइंट असतील तर मुलाने प्रश्न विचारलेला, उत्तर द्यायचा प्रयत्न केलेला, ग्रुपमध्ये काम केलेलं दिसलं पाहिजे. ‘मला हे समजलं नाही, परत सांगाल का’ म्हटलं की टीचरचं मत चांगलंच होतं, वाईट नाही. आमच्याकडे हे पचायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण आपल्या मुलांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा असं शिकवलेलं नसलं तरी वातावरणातून ते शिकलेलं असतं. लाजऱ्या मुलाला एक सोपी वाट: आठवड्यातून एक प्रश्न घरून लिहून न्यायचा आणि वर्ग संपल्यावर एकट्याने विचारायचा. बरेच टीचर तेही धरतात.

टीचरना सर-मॅडम ऐवजी मिस्टर किंवा मिस आणि आडनाव अशी हाक मारतात. उभं राहायची गरज नाही. बेल झाल्यावर आत आलं की उशीर, आणि उशीर साचत गेला की ऑफिसकडे कळवतात. बाथरूमला जायला पास. फोनचा नियम सिलॅबसमध्ये असतो, तो मोडून घरून मेसेज करणारे आपणच असतो, तेवढं टाळा.

रोज नेण्याचं सामान: रिंगची फाइल किंवा टीचरने सांगितलेली वही, लॅबची वही वेगळी, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर (फोनवरचा टेस्टला चालत नाही), पेन, पेन्सिल, पट्टी, चार्ज केलेला लॅपटॉप. शाळेचा लॅपटॉप असेल तर चार्जर घरी विसरणं हे कारण म्हणून चालत नाही.

८. टेस्टची तयारी

आवर्तसारणी आणि सूत्रांचा कागद बहुतेक वेळा टेस्टमध्येच देतात. त्यामुळे सूत्र पाठ असणं पुरत नाही, कुठलं कधी वापरायचं ते विचारतात, तेही एखाद्या नवीन प्रसंगाचा परिच्छेद किंवा तक्ता देऊन. वाचन जास्त असतं आणि नवीन मुलं तिथे वेळेत मागे पडतात, गणितात नाही. जुन्या टेस्ट मागा, त्यातले प्रश्न इंग्रजीतून मोठ्याने वाचून घ्या.

गणित करताना पायऱ्या दाखवायच्याच. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे पॉइंट मिळतात, आणि नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर काही टीचर पूर्ण देत नाहीत.

टेस्ट परत आल्यावर ती दप्तरात कोंबू नका. काही टीचर चुका दुरुस्त करून कारणासकट लिहून दिल्या तर गेलेल्यातले निम्मे पॉइंट परत देतात, पण त्याला मुदत असते.

एपीचा कोर्स असेल तर वर्गातली ग्रेड वेगळी आणि मे महिन्यातली परीक्षा वेगळी. परीक्षेचा स्कोअर १ ते ५, तो ट्रान्सक्रिप्टवरच्या ग्रेडमध्ये मिसळत नाही.

एक्स्ट्रा क्रेडिटवर भिस्त ठेवू नका. सगळ्यांना दिलं तर घ्या, पण सेमिस्टर संपताना ‘काहीतरी जादा काम द्या’ म्हणून मागायला गेलं की बहुतेक टीचर नाहीच म्हणतात.

९. ‘वही दे ना जरा’ इथे चालत नाही

मित्राला होमवर्कचा फोटो पाठवणं आपल्या मुलांना मदत वाटते. इथे देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात, शून्य मिळतं, घरी फोन येतो आणि नोंद होते. इंटरनेटवरून उतरवलेला परिच्छेद सॉफ्टवेअर पकडतं. एआयचं प्रत्येक टीचरचं धोरण वेगळं: कोणी कल्पना शोधायला चालेल म्हणतात, कोणी अजिबात नाही. विचारून घ्या, आणि वापरलं तर तसं लिहा. मित्राला समजावून सांगणं चालतं, आपलं लिहिलेलं देणं चालत नाही, एवढा फरक मुलाला सांगा.

१०. गैरहजेरी आणि भारतवारी

आजारपण असेल तर त्याच दिवशी सकाळी ऑफिसला कळवा, नाहीतर ती विनापरवानगी गैरहजेरी धरतात आणि काही शाळांत त्या दिवसाचं काम भरून देता येत नाही. परत आल्यावर चुकलेलं काम विचारायची जबाबदारी मुलाची, टीचर मागे लागत नाहीत.

आता डिसेंबर-जानेवारीचं तिकीट. लग्न असतं, आजी-आजोबा वाट बघत असतात, तिकीट दोन आठवडे आधीचं स्वस्त मिळतं आणि आपण काढून टाकतो. नेमकी तेव्हा बऱ्याच शाळांत सेमिस्टरची फायनल असते, काही ठिकाणी सुट्टीआधी, काही ठिकाणी सुट्टीनंतर जानेवारीत. आधी शाळेचं कॅलेंडर बघा, मग तिकीट. जावंच लागत असेल तर महिनाभर आधी टीचरना ईमेल करा. वाचन आणि होमवर्क तिकडून देता येतं, पण लॅब तिकडून करता येत नाही, तिचं काय करायचं हे लेखी ठरवून घ्या. कॅलिफोर्नियात अशा वेळी इंडिपेंडंट स्टडीची (शाळेत न येता ठरवून दिलेलं काम करायची) सोय शाळेला विचारता येते. काही डिस्ट्रिक्ट सलग बरेच दिवस गैरहजर राहिलं तर पटावरून नाव काढतात, ती मर्यादा ऑफिसमध्ये विचारून ठेवा.

११. ग्रेड घसरली किंवा चुकीची वाटली तर

आधी मुलाने लिहायचं, पालकांनी नाही. हायस्कूलमध्ये हीच अपेक्षा असते आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या ईमेलला उत्तरही चांगलं येतं. छोटं आणि नेमकं, इंग्रजीत अर्थातच, पण मजकूर असा काहीसा:

‘नमस्कार मिस्टर अमुक, मी तिसऱ्या पिरियडचा अमुक. घनतेच्या लॅबला पोर्टलवर मिसिंग दिसतंय. मी ती गुरुवारी वर्गात कागदावर दिली होती, फोटो जोडलाय. शुक्रवारी लंचमध्ये येऊन भेटू का? धन्यवाद.’

म्हणजे काय हवंय, पुरावा काय, आणि भेटायची वेळ. म्हणूनच कागदावर दिलेल्या प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून ठेवायचा.

दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर पालकांनी, मग काउन्सेलर, मग सायन्सचा विभागप्रमुख. मधली पायरी गाळून थेट प्रिन्सिपलकडे जाऊ नका. बॅक-टू-स्कूल नाइटला (पालकांना टीचरची ओळख करून देणारी संध्याकाळ) टीचरसमोर आपल्या मुलाचा विषय काढायचा नसतो, तिथे प्रत्येक वर्गात दहा मिनिटं ओळख असते फक्त. वेगळी भेट मागा. आणि भेटीत ‘वर्गात पहिला कोण, त्याला किती’ असं विचारू नका. १९७४ च्या फर्पा (मुलांच्या शाळेतल्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या) कायद्यामुळे दुसऱ्या मुलाची ग्रेड शाळा सांगू शकत नाही.

मुलाला शिकण्यात, लक्ष लागण्यात, वाचनात काही अडचण असेल तर ती लपवू नका. ५०४ प्लॅन किंवा आयईपी (मुलाच्या गरजेप्रमाणे केलेला लेखी आराखडा) अशा कायद्याने मिळणाऱ्या सोयी आहेत, जादा वेळ, वेगळी खोली, लेखी सूचना. पालकांनी लेखी अर्ज केला की शाळेला तो विचारात घ्यावा लागतो. त्याची नोंद ट्रान्सक्रिप्टवर येत नाही, पण कॉलेजला कळेल या भीतीने बरेच पालक गप्प बसतात आणि मूल उगाच झगडत राहतं.

१२. पुढच्या वर्षीचा कोर्स

पुढच्या वर्षीची निवड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे पहिल्या सेमिस्टरची ग्रेड हातात असते तेवढ्यावरच. ऑनर्स किंवा एपीसाठी बऱ्याच शाळा आत्ताच्या सायन्स टीचरची शिफारस मागतात, आणि केमिस्ट्री-फिजिक्सला गणित कुठलं चालू आहे तेही बघतात. शिफारस नाही मिळाली तर काही शाळांत पालक सही करून तरीही तो कोर्स घेऊ शकतात, पण आधी टीचरला का नाही म्हणून शांतपणे विचारा, कारण उत्तर बहुतेक वेळा विषय येत नाही असं नसतं, लॅब वेळेवर येत नाहीत असं असतं.

आणि वर्ष संपल्यावर लॅबची वही रद्दीत देऊ नका, विशेषतः एपीची. एपीच्या स्कोअरवर क्रेडिट (कॉलेजचा तो कोर्स झाला असं धरणं) देताना काही कॉलेज लॅब खरंच केल्याचा पुरावा म्हणून ती वही मागतात.